सगळेच पहिले

सभागृहाच्या पायऱ्यांवरसुद्धा माणसं बसली होती. कुलूपवाला, छत्रीवाला, गाद्या भरणारे बापलेक, सगळी गल्ली तिथे लोटली होती. व्यासपीठावर एकनंबर उभा होता. त्याचं खरं नाव कुणी विचारलं नव्हतं. तो हात लावेल ती वेबसाइट शोधात पहिली येते, एवढं पुरेसं होतं.

"सर्च इंजिनं तीन," तो डोळे मिटून म्हणाला, "आणि तिघांचं एकमेकांशी हाडवैर. एकाला शब्दांची भूक, दुसऱ्याला लिंकांची. तिसरं मानी, त्याला दुकानाचं नाव सांगितल्याशिवाय ते ढुंकून बघत नाही. मी तिघांनाही तृप्त करतो."

त्याने कुलूपवाल्याला वर बोलावलं आणि त्याच्याच फोनवर शोधायला सांगितलं. तिन्ही ठिकाणी सर्वांत वर कुलूपवाल्याचंच दुकान. त्या बापड्याचे डोळे भरून आले. टाळ्यांनी छत दणाणलं.

टाळ्या वाजवणाऱ्यांत थोरलीही होती. एक पाय आखूड असलेल्या माणसांसाठी ती बूट बनवायची. नवरा गेला तरी त्याचं काम तिने सोडलं नव्हतं. समोरच्या दुकानात धाकटी जाऊ तेच काम करायची. वाटण्या झाल्यापासून दोघी एकमेकींची सावलीही टाळत. धाकटीच्या पुढे राहायचं, एवढ्याच ईर्ष्येने थोरली एकनंबरच्या नादी लागली.

त्याची फी भारी होती आणि नियम कडक होते. रोज आपल्या फोनवर आपलीच साइट शोधून उघडायची. साइटवरचा जुना मजकूर काढून त्याने दिलेला डकवायचा. आणि फोन दुसऱ्याला दाखवायचा नाही, दाखवला की प्रभाव उतरतो.

त्या जुन्या मजकुरात नवऱ्याने लिहिलेलं एक पान होतं. दोन पायांतला फरक घरच्या घरी कसा मोजायचा, ते त्याने चित्रं काढून समजावलं होतं. असली बडबड इंजिनाला पचत नाही, असं एकनंबरने सांगितलं. थोरलीने दोनदा हात मागे घेतला आणि तिसऱ्यांदा ते पान पुसलं.

त्यानंतर गिऱ्हाईक आटलं. रोज सकाळी फोन बघावा तर आपण पहिल्या, आणि दुकानाचा उंबरा कोरडा. तिने एकनंबरला गाठलं तेव्हा तो हसला. नंबर मी दिला, म्हणाला, माणसं श्रद्धेने येतात, ती तुमची कमी पडतेय. हरामखोराने चोरी केली ती केली, वर चोरीचा आळही तिच्यावरच टाकला. आणि तिला ते पटलं. पहिला नंबर असून कुणी येत नाही म्हणजे खोट आपल्या हातात. नवऱ्यासारखे बूट आपल्याला जमत नाहीत. तिने लाकडी साचे विकण्यासाठी पोत्यात भरायला घेतले.

त्याच दुपारी विज्ञानाच्या बाई लंगडत आत आल्या. शाळेतून निवृत्त होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलेल्या. डाव्या पायात थोरलीच्या नवऱ्याने केलेला बूट, टाच पार झिजलेली.

"किती शोधलं तुम्हाला," बाई खुर्चीत टेकल्या. "तुमचा नवा फोन नंबर माझ्याकडे नाही, साइटवर ते मोजमापाचं पान नाही. मला वाटलं दुकान उठलं. शेवटी विचारत विचारत आले."

"असं कसं, बाई? आम्ही पहिल्या आहोत."

"कुठे पहिल्या?"

थोरली घुटमळली, पण तिने 'आखूड पायासाठी बूट' असं शोधून फोन पुढे केला. पहिली. बाईंनी आपल्या फोनवर तेच शब्द लिहिले. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. बाईंनी पोत्याकडे बघितलं, मग समोरच्या दुकानाकडे.

"त्यांचा नंबर कितवा?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा थोरलीने रस्ता ओलांडला. धाकटी आधी म्हणाली, फोन दाखवू नको म्हणून एकनंबरने सांगितलंय. मग तिनेही तेच शोधून फोन पुढे धरला. तिच्या फोनवर पहिली धाकटी.

दोघींनी फोन शेजारी शेजारी ठेवले. धाकटी म्हणाली, "वहिनी, मलाही वाटत होतं, सगळं गिऱ्हाईक तुमच्याकडे जातंय."

पुढच्या सभेला दोघी बाईंना मधे घेऊन गेल्या. एकनंबरची तिन्ही इंजिनं नुकती तृप्त होत होती, तेवढ्यात बाई उठल्या आणि त्यांनी एकच गोष्ट करायला लावली. प्रत्येकाने आपला फोन शेजाऱ्याला द्यायचा आणि त्याच्या फोनवर आपलं दुकान शोधायचं, फक्त दुकानाचं नाव घालायचं नाही.

कुलूपवाल्याने शेजाऱ्याचा फोन खालपर्यंत सरकवला, पुन्हा वर नेला. त्याचं दुकान कुठेच नव्हतं.

"प्रभाव उतरला," एकनंबर गडबडीने म्हणाला. "म्हणूनच सांगतो, फोन दाखवू नका."

"प्रभाव नव्हताच," बाई म्हणाल्या. "तुम्ही रोज आपल्या फोनवर आपलंच पान उघडता. त्या फोनवर पहिली दोन इंजिनं ओळखीचंच पुढे करतात. तिसरं इंजिन काही लक्षात ठेवत नाही, म्हणून तिथे हा तुमच्याकडून नाव लिहून घेतो. नाव सांगितल्यावर दुकान सापडतं, त्यात चमत्कार कसला? आणि सगळ्यांच्या साइटवर याने एकच मजकूर चिकटवलाय. कुठलंही इंजिन असल्या नकलांना मागेच ढकलतं. इंजिनं तिघं भांडोत, शोधणाऱ्याला हवं ते देणं हेच तिघांचं काम. पायाचं मोजमाप शोधणाऱ्याला ते पान हवं होतं. तेच या माणसाने पुसायला लावलं."

थोरली उठली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती बोलली.

"श्रद्धा कमी पडतेय म्हणालास. मला वाटलं, खोट माझ्याच हातात आहे. साचे विकायला काढले होते मी."

एकनंबर दाराकडे सरकला. दारात गादीवाले बापलेक आधीच उभे होते. त्यांना बरंच काही विचारायचं होतं.

दुसऱ्या दिवशी थोरलीने पोतं उलटं केलं. मग ती आठवून आठवून सांगत गेली, धाकटी टाइप करत गेली: आखूड पायाखाली पुस्तकं रचा, कंबर सरळ झाली की थांबा, रचलेली उंची मोजा. पान चढल्यावर ते आलं का, हे दोघींनी बाईंना फोन करून त्यांच्या फोनवर बघायला सांगितलं.

वाचणाऱ्यांनो, चमत्कार करणाऱ्याचे कपडे बदलतात, त्याच्या हातातली वस्तू बदलते, अट मात्र तीच राहते. कुणी म्हणालं, हे दुसऱ्याला दाखवू नका, तर आधी ते दुसऱ्यालाच दाखवा.