भिंतीच्या टोकाची कमान

दोन दगडांच्या फटीत सुमिएने पाचर धरली आणि वरून दगडाने ठोके घातले. तिसरा ठोका अंगठ्यावर बसला. "आई गं!" म्हणत तिने अंगठा तोंडात घातला आणि दुसऱ्या हाताने कमान हलवून पाहिली. हलली नाही. आता बघते हा माणूस इथे कसा उभा राहतो ते, असं मनातल्या मनात म्हणून ती दोन पावलं मागे सरली.

देवळापुढे देवाची कमान असते तशी लाल तोरी, फक्त वीतभर उंचीची. भिंतीशी कुणी घाण करू नये म्हणून लावायला शहरातल्या दुकानात अशा तयारच मिळतात. दुकानदाराने विचारलं होतं, "कुत्र्यासाठी की नवऱ्यासाठी?"

"नवऱ्यासाठी."

"मग जरा मोठी घ्या."

अंगणाच्या टोकाला जमीन संपत होती. खाली संत्र्यांच्या मळ्यांच्या पायऱ्या आणि त्यांच्याही खाली समुद्र. तिचं अंगण आणि थोरल्या दिरांचं अंगण यांच्यामधली कमरेएवढी दगडी भिंत थेट त्या टोकापर्यंत जात होती. रोज संध्याकाळी इसामु, तिचा नवरा, चपला सरकवून तिथे जायचा, भिंतीलगत समुद्राकडे तोंड करून उभा राहायचा, एकदा घसा साफ केल्यासारखं खोकायचा आणि मग आपला कार्यक्रम उरकायचा. उरकल्यावरही हलायचा नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुमिएला त्याची पाठ दिसायची. भिंतीपलीकडचं काही दिसत नव्हतं, तिथे कॅमेलियाचं झुडूप माजलं होतं. तो आत आला की ती तणतणत बादली घेऊन जायची आणि दगड धुऊन काढायची.

आणि घरात काय नव्हतं? गेल्या शरदात तिने नवा संडास करून घेतला होता. माणूस दारात आला की झाकण आपोआप उघडायचं. बैठक थंडीत गरम व्हायची. भिंतीवर तिने स्वतःच्या हाताने पाटी लावली होती, 'कृपया बसून करावी.'

"बसून?" इसामु पहिल्या दिवशी म्हणाला होता. "मी काय आजारी आहे?"

"शिंतोडे पुसायला तुम्ही येता का?"

"म्हणूनच बाहेर जातो ना. तुझेच कष्ट वाचवतो."

बाहेर जाण्यात एवढं काय होतं? सुमिएला खरंच कळत नव्हतं. सत्तरी उलटलेला माणूस, मुलखाचा भिडस्त, गावच्या सभेत हात वर करायलाही लाजणारा. आणि हा उघड्यावर, आभाळाखाली, मजेत उभा!

संत्री निवडायच्या शेडमध्ये तिने बायकांपुढे हा विषय काढला, तर प्रत्येकीकडे उत्तर तयार होतं.

"त्यांना हवा लागते गं," एक म्हणाली.

"हवा कसली? आपली हद्द दाखवतात. आमचा बोका तेच करतो."

"आमचे तर भर पावसात छत्री धरून जातात," तिसरी म्हणाली. "एका हातात छत्री. मी म्हटलं, पडाल एखाद दिवशी, आणि लोकांना मी काय सांगू कसे पडले?"

सगळ्या हसल्या. सुमिएही डोळे पुसेपर्यंत हसली. पण घरी येताना प्रश्न होता तिथेच होता.

तोरी लागली त्या संध्याकाळी इसामु नेहमीसारखा चपला सरकवून गेला आणि भिंतीपाशी थबकला. खिडकीतून सुमिए बघत होती. तो कमानीकडे बघत राहिला. मग त्याने पटकन मान लववली, जणू देवाने चोरी पकडली, आणि आत आला. संडासात झाकण उघडल्याचा आवाज झाला. सुमिएने मुळ्याची चकती तोंडात टाकली आणि कचकन चावली. जिंकली होती ती.

पण जिंकल्यावर घरात जो आनंद व्हायला हवा होता तो काही होईना.

दुसऱ्या संध्याकाळी इसामु संडासातून आला आणि ओसरीवर वर्तमानपत्र उघडून बसला. पान उलटेना. एवढ्यात बाहेरून खोकला ऐकू आला. सुमिएने चमकून पाहिलं. नवरा तर समोर बसला होता.

"तुम्ही खोकलात?"

"नाही."

"मग कोण खोकलं?"

"मला काय माहीत?" असं म्हणून त्याने वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

मग रोजच असं होऊ लागलं. संध्याकाळ झाली की हा माणूस कासावीस. उठायचा, एक चप्पल घालायचा, कमानीकडे बघायचा, चप्पल काढायचा. जेवणात मन नाही. आवडीचा तळलेल्या बांगड्याचा तुकडासुद्धा चिवडून ठेवला. सुमिएला वाटलं, लघवी अडतेय की काय? या वयात पुरुषांचं होतं तसं काहीतरी.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ या," ती म्हणाली.

"कशाला?"

"होते का नीट?"

"अगं, होते! छान होते! बसून होते!" तो एकदम ओरडला आणि स्वतःच ओशाळला. "चहा दे," तो हळूच म्हणाला.

तिने चहा दिला. काय चुकलं तेच तिला समजेना. बाईमाणसाने घर स्वच्छ ठेवायला सांगितलं, एवढाच तिचा गुन्हा. आणि तरी घरात कुणी गेल्यासारखं सुतक.

मे महिना होता. संत्र्याच्या फुलांचा वास घरादारांत भरला होता. शुक्रवारी दुपारी सुमिए कांद्याच्या पातीला पाणी घालत होती, तेव्हा फाटकातून तिची थोरली जाऊ तोकिको आत आली. सुमिएच्या हातातली झारी तशीच राहिली.

दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. सासरे गेल्यावर थोरल्या दिरांनी, हिदेइचींनी, वरचा मळा कुणाला न विचारता सोलर पॅनेलवाल्यांना देऊन टाकला. बापाच्या हातची झाडं करवतीने कापली गेली, तेव्हा इसामु एकच वाक्य बोलला होता, "यापुढे मला भाऊ नाही." मितभाषी माणसं रागावली की पंचाईत, शब्द परत घ्यायलाही ती तोंड उघडत नाहीत. मग बायकाही नवऱ्यांमागे गप्प झाल्या. गावच्या सूचनांची फाइल घरोघर फिरायची, तीसुद्धा सुमिए जावेच्या पायरीवर ठेवून, दार न वाजवता परत यायची.

"ये म्हणणार नाहीस?" तोकिको म्हणाली.

"या ना, जाऊबाई," सुमिएच्या तोंडून निघून गेलं.

तोकिको आत आली नाही. ओसरीच्या कडेला टेकली. म्हातारी झाली होती. भिंतीपलीकडे राहूनही सुमिएला ते दिसलं नव्हतं.

"भाऊजींची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. का?"

"खरं सांग. काही लपवू नकोस. आमच्या घरी यांचं जेवण बंद झालंय. इसामुला काय झालं, इसामुला काय झालं, एवढं एकच."

"अहो, पण काय होणार त्यांना?"

"मग संध्याकाळचे येत का नाहीत?"

"कुठे?"

"तुला ठाऊक नाही?"

"काय ठाऊक नाही?"

"अगं बाई," तोकिको म्हणाली आणि तिने भिंतीच्या टोकाकडे हात केला. "रोज दोघंही तिथेच उभे असायचे की. हे आमच्या बाजूने, भाऊजी तुमच्या बाजूने. मध्ये भिंत. हे खोकायचे, ते खोकायचे. एक शब्द नाही. आपापलं उरकायचं आणि उगाच समुद्राकडे बघत उभं राहायचं. आधी मलाही कळलं नव्हतं. मी म्हणायची, एवढा वेळ कशाला लागतो या माणसाला? एकदा फ्लू झाला होता यांना, अंगात ताप. तरी भिंत धरत धरत गेले. म्हणे, तिकडे तो वाट बघत असेल."

सुमिएने झारी खाली ठेवली. पाणी सांडून तिचे पाय भिजले.

"मग ही तोरी आली," तोकिको म्हणाली. "देवाच्या कमानीखाली कोण करणार? आमचे तर देवळाचे मानकरी. तरी रोज जाऊन नुसते खोकून येतात."

"मग हाक मारायची ना सरळ! भिंत ती केवढी!"

"हाक कशी मारणार? तू ओळखत नाहीस का या भावांना? काहीतरी कारण हवं ना उभं राहायला."

सुमिएला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि जास्त काय येतंय ते समजत नव्हतं. कितीदा दगड धुतले होते तिने. कितीदा ओरडली होती, लवकर आटपा म्हणून.

"आम्ही रविवारी सकाळी चाललोय," तोकिको म्हणाली. "लेकीकडे, मिनाकोकडे, मत्सुयामाला. कायमचे. यांच्या गुडघ्यांना आता ही चढण झेपत नाही. घर बंद करणार."

"आमच्या यांना माहीत आहे?"

"नाही. तुझ्या दिरांनी मला बजावलंय, कुणी सांगायचं नाही, मीच सांगणार. आणि हा माणूस सांगणार कुठे? जागा एकच होती." ती उठली. "तू कमान लावलीस, तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. मी पण लावली असती. पण काढता आली तर काढ."

शनिवारी दुपारी इसामु मळ्यात गेला होता. सुमिए भिंतीपाशी गेली. कमानीपुढे कुणीतरी एक संत्रं ठेवलं होतं, गल्लीतल्या म्हाताऱ्यांपैकी कुणी भाविक असणार. तिने हात जोडून माफी मागितली आणि पाचर सैल केली.

पण काढलेली तोरी ठेवायची कुठे? फेकायची तर सोय नाही. आणि नुसती काढून भागणार नव्हतं. हा माणूस आता बसायला शिकला होता. हट्टाने आतच जाईल. जा म्हणून सांगितलं तर मुळीच जाणार नाही, उलट का म्हणून विचारेल. ती कमान पदरात धरावी तशी ॲप्रनमध्ये गुंडाळून अंगणात उभी राहिली. मग तिच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, ती तरातरा घरात शिरली.

संध्याकाळी इसामु संडासात गेला आणि गेल्यापावली बाहेर आला.

"अगं, आत देव बसवलास की काय?"

नव्या संडासात, पाटीच्या बरोब्बर खाली, लाल तोरी उभी होती. तिच्यापुढे संत्रंसुद्धा होतं.

"हो," सुमिए भाताकडे बघत म्हणाली.

"मग मी कुठे जाऊ?"

"बाहेर जा."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती वळली नाही. वळली असती तर सगळं बोलून गेली असती. त्याने चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी पायरीखाली गेली होती. ती काढताना तो पुटपुटला, "या घरात माणसाला काही कळतच नाही."

सुमिएने नळ बंद केला. भाताखालचा गॅसही बंद केला, त्याच्या रटरटीत काही ऐकू येईना. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती, जिथे नेहमी असायची तिथेच. तो खोकला.

काही नाही. नुसत्या फुलांच्या वासाचा वारा.

तो पुन्हा खोकला, जरा मोठ्याने. सुमिएने ओट्याची कड घट्ट धरली. दीर गुंतले असतील आवराआवरीत. की एवढ्यात खोकून परतही गेले?

मग पलीकडे दार सरकल्याचा आवाज झाला. घाईने ओढत टाकलेली पावलं. मग खोकला. म्हातारा, दमलेला, भिंतीला अगदी लागून.

इसामुची पाठ हलली नाही. ऊन पाण्यावरून उतरलं. एकदा त्याने मान खाली घातली आणि बराच वेळ तशीच ठेवली. एकदा त्याचा उजवा हात भिंतीवर गेला आणि तिथेच राहिला. बोलणं ऐकू आलं नाही. असेल झालं, नसेलही.

तो आत आला तेव्हा अजून उजेड होता. मोरीत त्याने फार वेळ हात धुतले.

"दादा उद्या चाललाय," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

दादा हा शब्द या घरात किती दिवसांनी आला होता.

"हो?" सुमिए म्हणाली.

"जुलैत त्याच्या खालच्या मळ्यातल्या झाडांची फळं विरळ करायची आहेत. मी करीन." मग थोड्या वेळाने, "भात झाला का?"

"गॅस लावते. झालाच."

तिने गॅस लावला, सवयीने बादली भरली आणि दगड धुवायला गेली. टोकाशी पोचून ती वाकली. बघितलं. हाताने चाचपून बघितलं. दिवसभराच्या उन्हाने दगड अजून गरम होते.

भिंतीपलीकडे कुणीतरी उभं होतं. तोकिको. तिच्याही हातात पाण्याने भरलेली बादली होती.

"तुमच्याकडे?" तोकिकोने हळूच विचारलं.

"कोरडे," सुमिए म्हणाली.

"इकडेही."

दोघींनी बादल्या भिंतीवर टेकवल्या आणि समुद्राकडे तोंड करून तिथेच उभ्या राहिल्या.