बंदी माझ्यावर, विक्रम फळ्यावर

मित्रांनो, मी पोहण्याच्या शर्यतीचा एक जुना सूट आहे. जुना म्हणजे झिजलेला नव्हे, बाद केलेला. सूट म्हटल्यावर लग्नातला कोट डोळ्यांसमोर आणू नका. मी खांद्यापासून घोट्यापर्यंत अंगाला घट्ट बसणारा, काळाकुळकुळीत, रबरासारखा चकचकीत कपडा आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की ऐकणारे आधीच 'बिचारा' म्हणून मोकळे होतात. मला ते नको. मला राग आलेला आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. माझे तुकडे कापून ते उष्णतेने एकमेकांना चिकटवले. माझ्या अंगात सुईचा एकही टाका नाही. मला घडवणारी माणसं हुशार होती. पाणी पोहणाऱ्याला मागे ओढतं, ते कमी कसं ओढेल, याचाच त्यांनी ध्यास घेतला होता. म्हणून माझ्यावर पाणी थांबत नाही. पोट आणि मांड्या मी आवळून धरतो. आत थोडी हवा राखून ठेवतो, त्यामुळे पोहणारा पाण्यात जरा वर राहतो आणि दमला तरी त्याची कंबर खाली जात नाही. थोडक्यात, जे काम अंगाने करायचं त्यातलं बरंचसं मी करतो. आणि ते मी उत्तम करायचो. खोटा विनय कशाला दाखवू?

जहाजावर नोकरी करणाऱ्या एका मामाने मला आपल्या भाचीसाठी विकत घेतलं. भाच्या दोन होत्या. थोरलीला घरात सगळे ताई म्हणत. धाकटी पाण्यात पडली की सारखे पाय झाडायची, म्हणून तिचं नाव बेडकी पडलं होतं. त्यांची आई शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत मशीन, खडू, टेप आणि शाळेच्या गणवेशांचे ढीग. तिने मला उलटसुलट करून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"अरे, याला शिवण कुठंय? उसवलं तर मी काय डोंबल करू?"

मामा हसला. "उसवत नाही गं हा. फाटतो. आणि फाटला की संपला."

त्यामुळे मला घालणं म्हणजे घरातला सोहळाच होऊन बसला. आधी सगळ्यांनी नखं कापायची. मग ताईने पायांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवायच्या, म्हणजे मी घोट्यावरून सरकायचो. एका बाजूने आई ओढायची, दुसऱ्या बाजूने बेडकी लोंबकळायची.

"ताई, श्वास घे की!"

"जागा कुठंय?"

आई घाम पुसत म्हणायची, "यापेक्षा गादीला खोळ घालणं परवडलं."

खरं सांगू? मला ते घर आवडलं होतं.

आता त्या तरणतलावाची एक रीत सांगतो, कारण सगळं पुढचं तिच्यावरच उभं आहे. तलावाच्या कचेरीबाहेर एक मोठा फळा होता. त्यावर प्रत्येक शर्यतीचा तिथला विक्रम आणि तो करणाऱ्याचं नाव रंगाने लिहिलेलं असे. राज्याचा संघ जिथे निवडतात त्या मोठ्या शिबिराला मुलं पाठवताना पूर्वी फार भांडणं व्हायची. याचा भाचा, त्याची पुतणी. तेव्हा तलाव चालवणाऱ्या संस्थेच्या जुन्या अध्यक्षांनी ठरवलं की जो फळा मोडेल, म्हणजे फळ्यावरचा विक्रम मागे टाकेल, त्यालाच संस्था पाठवील. वशिला नको, वाद नको. निर्णय चांगला होता. फळ्याला मामा-काका नसतात, असं सगळे कौतुकाने म्हणायचे.

ताई तशी बेताची पोहणारी. मेहनती, पण बेताची. तिच्या वयाच्या मुलींत एक उंच मुलगी होती, ती ताईला नेहमी मागे टाकायची. त्या वर्षी फळा तीच मोडणार, हे तलावातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. पण शर्यतीच्या दिवशी ताई मला घालून ओट्यावर उभी राहिली. बाकीच्या मुलींच्या अंगावर साधे, धुऊन धुऊन सैल पडलेले पोशाख होते. नियमात माझ्याविरुद्ध एक अक्षरही नव्हतं.

शिट्टी झाली. पुढचं काय सांगू! पहिल्या वळणालाच मला कळलं की मागे कोणी उरलेलं नाही. ताईने भिंतीला हात लावला तेव्हा उंच मुलगी अजून हात मारत येत होती. फळा मोडला, आणि थोडाथोडका नव्हे, पार मोडीत निघाला. आई काठावर उभी राहून रडत होती. सरांनी, म्हणजे त्यांच्या प्रशिक्षकांनी, ताईला उचलून घेतलं. उंच मुलगी पाण्यातून बाहेर आली, तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "सूट छान आहे गं."

एवढंच. त्यानंतर ती तलावावर फारशी दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी ताई एकटीच लवकर आली. मी बाकावर उघड्या पिशवीत होतो. तिने आपला जुना पोशाख घातला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून उडी मारली आणि जीव तोडून पोहली. वर येऊन घड्याळ पाहिलं. पुन्हा पोहली. पुन्हा पाहिलं. घड्याळ तेच सांगत होतं जे ते नेहमी सांगायचं. मग ती पिशवीजवळ येऊन बसली आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी तिच्या घरात घुसलेला परका माणूस आहे. मला फार वाईट वाटलं. मी तिला फसवलं नव्हतं. मला जे करायला बनवलं, ते मी केलं होतं.

संस्थेने तिला शिबिराला पाठवलं. तिथे सगळ्यांच्याच अंगावर माझे भाऊबंद होते. निवडीच्या शर्यतीत ताई शेवटून दुसरी आली. मात्र फळ्यावरच्या विक्रमामुळे तिला खेळाडूंसाठी राखीव असलेल्या जागेवर नोकरी मिळाली आणि आईच्या मशीनची घरघर जरा कमी झाली. मग मोठ्या लोकांनी कुठेतरी बसून ठरवलं की आमच्यासारखे सूट खेळाला मारक आहेत. आमच्यावर बंदी आली. संस्थेचे सेक्रेटरी मला मागायला आले तेव्हा ताईने क्षणाचाही विचार केला नाही. "न्या. कपाटात नकोच होता," ती म्हणाली. त्यांनी मला एका काचेच्या पेटीत, फळ्याच्या बरोबर खाली टांगलं. काचेवर 'संस्थेचा अभिमान' असं लिहिलं. बंदी घातलेल्या वस्तूचा अभिमान कसा बाळगतात, ते मला अजून समजलेलं नाही.

इथून माझं आयुष्य म्हणजे नुसतं पाहणं. समोरच्या दारातून मला तलाव दिसायचा, आणि तलावात बेडकी. मित्रांनो, मी कारखान्यात पाण्याच्या अंगाने विचार करायला शिकलो आहे, म्हणून सांगतो, पोहणं काय असतं ते त्या मुलीकडे पाहून कळावं. तिची कंबर आपोआप वर राहायची. शेवटच्या फेरीतही तिचा हात सुटत नसे. जे मी ताईला उसनं दिलं होतं, ते तिने स्वतः कमावलं होतं. वर्षामागून वर्षं ती त्या फळ्याच्या जवळ सरकत गेली आणि तिथेच अडली. कारण फळ्यावर ताई नव्हती, मी होतो.

शिबिराला जायच्या वयाचं तिचं ते शेवटचं वर्ष. फळा मोडायच्या चाचणीच्या आधी ताई कचेरीत आली. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, माझं नाव फळ्यावरून काढा. त्याच्या आधी जो रेकॉर्ड होता, तो परत लिहा."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. ते वाईट गृहस्थ नव्हते. "अगं, असं कसं? तेव्हाच्या नियमात बसत होतं. आणि उद्या तुझ्या ऑफिसातून विचारलं की हिचा रेकॉर्ड कुठे गेला, तर? नोकरी त्याच्यावर आहे ना तुझी?"

घरचा खर्च ताई चालवत होती, आईचे डोळे अधू झाले होते. मी वाट पाहत होतो की ती म्हणेल, गेली तर जाऊ दे नोकरी. ती खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि निघून गेली. तिचा मला राग येत नाही. यावा असं फार वाटतं.

मग बेडकी स्वतःच आली. पाण्यातून तशीच, टॉवेल गुंडाळून.

"साहेब, मला तो पेटीतला सूट द्या."

"वेडी आहेस का? त्याच्यावर बंदी आहे."

"मग त्याच्या रेकॉर्डवर?"

"रेकॉर्डवर नाही."

"असं कसं चालेल?"

"असंच चालतं, बाळा," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर मऊ होता.

चाचणीच्या दिवशी आई, ताई, सर, सगळे काठावर उभे होते. बेडकीने साधा पोशाख घातला होता. नखं कापायचा सोहळा नाही, पिशव्या नाहीत, कोणी हसत नव्हतं. ती जशी पोहली तसं त्या तलावात कोणीही पोहलेलं नाही. ताई काठाकाठाने तिच्याबरोबर धावत ओरडत होती, "मार, पाय मार!" मीही काचेच्या आत जिवाचा आटापिटा करत होतो. स्वतःचा पराभव व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माझ्यासारखा दुसरा कोणी नसेल.

तिने भिंतीला हात लावला. सरांनी स्टॉपवॉच पाहिलं, दुसऱ्याचं पाहिलं आणि मान हलवली. पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळाने फळा राहून गेला.

सेक्रेटरींनी तिची पाठ थोपटली. "फार छान पोहलीस गं. अन् रेकॉर्ड ताईकडेच राहिला म्हणजे घरातच राहिला की!"

जमलेले लोक हसले. आईसुद्धा, काय करावं ते न कळून, हसली.

सगळे गेल्यावर दोघी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. बेडकीच्या केसांतून पाणी गळत होतं. ताई म्हणाली, "तू माझ्याहून चांगली आहेस. मला पहिल्यापासून माहीत आहे."

"मलाही माहीत आहे, ताई. फळ्याला नाही."

मित्रांनो, मी न्याय्य होतो की अन्याय्य, यावर मोठमोठ्या माणसांनी पुष्कळ खल केला. माझं म्हणणं साधं आहे. ताईच्या शर्यतीच्या दिवशी आठही मुलींना सूट मिळाला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं. एकीलाही मिळाला नसता तरी नाही. एकीलाच मिळाला आणि त्याला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर मला गुन्हेगार ठरवलं, पण मी मिळवून दिलेलं मात्र कोणी परत केलं नाही. वस्तू काढून घेतली की अन्याय संपला, असं माणसांना वाटतं. नवी साधनं जरूर वापरा, पण शेजारच्या लेनमध्ये कोण काय घालून उभं आहे ते एकदा मान वळवून बघा.

माझी निगा राखा असं मी सांगणार नाही. माझी निगा फार चांगली राखली जाते, दर आठवड्याला काच पुसतात. मागणं आहे ते दुसऱ्याच कोणासाठी. बेडकी आता याच तलावात उथळ पाण्यात लहान मुलांना तरंगायला शिकवते. नवी मुलं आली की फळ्याकडे बोट दाखवून हमखास विचारतात, "मॅडम, हा कोणाचा रेकॉर्ड?" ती म्हणते, "माझ्या ताईचा," आणि त्यांना पाण्याकडे घेऊन जाते. दर वेळी तिला ते म्हणावं लागतं. तुम्ही कधी इथे आलात तर कृपा करून तिला हा प्रश्न विचारू नका. मला विचारा. तो विक्रम माझा आहे.