उजवीकडचा खिसा

"हात वर कर आन् पोट आत घे," रखमाजी शिंपी म्हणाला.

"पोट हाय कुठं आत घ्यायला?" सावळाराम म्हणाला.

हे बरोबर होतं. भोरातल्या एका मोजणीच्या कचेरीत तो पट्टेवाला होता. दिवसभर दाराशी उभं राहून माणसाच्या पोटऱ्या वाढतात, पोट वाढत नाही; पोट वाढायला बसावं लागतं. आणि बसण्याचा योग आता कुठे त्याच्या आयुष्यात येऊ घातला होता. ओव्हरसियर दीनानाथपंतांनी त्याला आत बोलावलं होतं, आणि बोलावताना चक्क नावाने हाक मारली होती.

"सावळाराम, तुमच्या घोलवाडीला जायचंय. तू माझा मदतनीस म्हणून यायचंस. एक दिवस आधी पुढे जा, लोकांना सांग, साहेब येतायत, घाबरायचं कारण नाही. पण असा नको जाऊस. कोट-पाटलोण घालून जा. धोतरातल्या माणसाचं कोण ऐकतंय?"

साहेबांची ही मर्जी कशामुळे झाली, ते सावळारामाला पक्कं ठाऊक होतं. पावसाळ्यात एकदा त्यांनी सहज विचारलं होतं, तुमच्याकडची नदी डोंगरातून बाहेर कुठून पडते रे? गावाबद्दल सावळारामाला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. तो सुटला. म्हणाला, "साहेब, दोन डोंगर असं जवळ आल्यात, की ह्या अंगाला तंबाखू मळली तर त्या अंगाला ठसका लागतोया. सुईच्या नेढ्यातनं दोरा काढावा तशी नदी निगती." दीनानाथपंतांनी नकाशा उलगडला होता आणि त्याला कपातून चहा दिला होता. एरवी पट्टेवाल्याला चहा मिळे तो बशीत उरलेला.

खिंड, साहेब आणि चहा या तिन्हींची बेरीज सावळारामाने केली, ती पूल अशी आली. घोलवाडीला पूल होणार. आणि तो मागून आणणारा माणूस पाटलोण घालून येणार.

वेल्ह्याच्या बाजूच्या त्या डोंगरात पाटलोण अजून कोणी घातली नव्हती. तिथल्या पुरुषाच्या दोन पायांना कापडाच्या दोन वेगळ्या खोल्या मिळण्याचा प्रसंगच आला नव्हता. म्हणून सावळाराम रखमाजीच्या दुकानात उभा होता, हात वर करून.

कनवटीला होतं त्यात काय बसतं, ते रखमाजीने एका नजरेत मापलं होतं. तरी त्याने रीतसर सगळं दाखवलं. आधी निळं सर्जचं कापड काढलं. "हात लाव. हात लावायला पैसं पडत न्हाईत." सावळारामाने हात लावला आणि काढून घेतला. मग खाकी आलं. ते पैशात बसत होतं, पण खाकी घालून घोलवाडीत गेलं तर जंगलाचा गार्ड समजून बाया सरपण लपवतील आणि पोरं दगड मारतील. मग काळा अल्पाकाचा कोट आला. तो झकास होता, फक्त त्याच्याखाली धोतरच शोभलं असतं.

"पाटलोणच पायजे," सावळाराम म्हणाला.

रखमाजीने अल्पाका घडी करून ठेवला. मग त्याने कोपऱ्यातली ट्रंक ओढली. कडुलिंबाच्या पाल्याखालून एक राखी सूट निघाला.

"निखळ लोकर. वर्षानुवर्षं हलायची न्हाई. आन् लोकरीला इटाळ न्हाई. अंगात घालून देवपूजा केलीस तरी देव तक्रार करायचा न्हाई."

सावळारामाने कोट घातला. छातीवरच्या खिशात हात घालायला गेला तर खिसाच नव्हता. तो उजवीकडे होता.

"ह्यो हिकडं कसा?"

"म्या शिवलेला पयला सूट त्यो. कापड उलटं धरलं गेलं. साहेब लोक खिसा डावीकडं ठेवत्यात, त्येंचं काळीज तितं असतं म्हनून. तुला काय करायचंय? निम्म्या किमतीत देतो."

"निम्मी किंमत एका खिशापायी?"

"खिशापायी थोडी. बाकीची इचारू नगंस."

"कुनाचा व्हता?"

रखमाजीने तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. "वेळवंडीच्या खोऱ्यातला एक मानूस. आनंदराव. मोजणीवाल्यांत व्हता, तुज्यावानी. भाटघरचं नवं धरान व्हायच्या आदी शिवून नेला. त्येचं गाव आता पान्याखाली हाय."

"आन् सूट वर कसा?"

"आनून दिला. पैसं बी मागितलं न्हाईत. हितं ठिवला आन् गेला."

"का?"

"शिंप्यानं मापं घ्यावी, कारनं घिऊ नयेत."

सूट सावळारामाला जसाच्या तसा बसला. कुठे टाका उसवावा लागला नाही, कुठे दुमड घालावी लागली नाही. शिंप्याला याचा आनंद व्हायला हवा होता. रखमाजीने सावळारामाला एकदा पुढून आणि एकदा मागून पाहिलं, "त्यो बी तुज्याच अंगाचा व्हता," एवढं म्हणाला आणि दुकानाच्या फळ्या लावायला उठला. उन्हं अजून अंगणात होती.

सुगी उरकली होती. सावळाराम पहाटे निघाला तो धोतरावर. सूट गाठोड्यात बांधून डोक्यावर. लोकरीचा सूट घालून घाटी चढणं साहेबालाही जमलं नसतं, म्हणून साहेब लोक खुर्चीत बसून डोंगर बघतात. घाटमाथ्यावर हिरड्याच्या आडोशाला त्याने धोतर सोडलं आणि पाटलोण चढवली. पहिल्या खेपेला दोन्ही पाय एकाच खोलीत गेले. दुसऱ्या खेपेला जमलं. पायांत वहाणाच होत्या. बुटांपर्यंत बजेट पोचलं नव्हतं. मग तो ताठ मानेने उतरायला लागला. खाली घोलवाडीच्या कौलांतून धूर निघत होता.

नदीवर बायका धुणं आपटत होत्या. फुलाबाईने आधी पाहिलं. हात वर होता तो तसाच राहिला. मग तिने ओलं लुगडं न पिळताच पाटीत टाकलं. बाकीच्या बायकांनीही टाकलं. कोणी ओरडलं नाही, कोणी पळालं नाही. पाट्या डोक्यावर घेऊन त्या गावाकडे चालायला लागल्या, आणि त्यांच्या लुगड्यांतून गळणाऱ्या पाण्याची एक ओळ वाटभर उमटत गेली.

"फुलावैनी! अगं म्या हाय!" सावळाराम हसून म्हणाला. पण अंतर बरंच होतं, आणि पाटलोणीतल्या माणसाने वैनी म्हटलेलं त्यांना खरं वाटलं नसावं.

चावडीपाशी म्हातारा चिमाजी उभा होता. घोलवाडीत पाटील नव्हता. जो सर्वांत म्हातारा तो पाटील. त्याने खाली बघून हात जोडले. "या साहेब. पानी आनू?"

"चिमाजीतात्या, आवं सावळाराम म्या! मला हात जोडता व्हय?"

चिमाजीने मान वर केली, तोंड नीट न्याहाळलं. "आरं, व्हय की. सावळाच की." पण जोडलेले हात सोडायला त्याला जरा वेळ लागला. "आन् ह्ये काय घातलंस?"

"सूट."

"कुनी दिला?"

"इकत घेतला."

"इकत?" चिमाजीने कोटाची बाही दोन बोटांत धरून पाहिली, गुराची कातडी बघावी तशी. "आपल्या पैशानं?"

"उद्या साहेब येनार हायती, तात्या. खिंडीत पूल व्हनार. घाबरायचं काय कारन न्हाई."

"कोन घाबरलंय?" चिमाजी म्हणाला. "तूच म्हनतुयास."

घरात आत्या होती. ठकुबाई. सावळारामाची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवलं ते तिने. तिचं सासर वेळवंडीच्या खोऱ्यात होतं. तिथे पाणी आलं तेव्हा ती परत माहेरी आली, नवऱ्यावाचून, आणि एका हातात कापडाची पुरचुंडी घेऊन. त्या गोष्टी ती सांगत नसे. घोलवाडीची माणसंही विचारत नसत. विचारलेलं कानावर राहतं, आणि कानावर राहिलेलं खरं होतं, असं तिथे मानतात.

ठकुबाई दारात नाचणी पाखडत होती. तिने सावळारामाच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिची नजर छातीवर गेली आणि तिथेच थांबली. सूप हातात धरलेलं तसंच.

"खिसा उजवीकडं हाय," ती म्हणाली.

"शिंप्याची चूक हाय, आत्या. त्येच्यामुळं सस्ता पडला."

"आनंदरावाचा हाय ह्यो."

सावळाराम हसणार होता, पण त्याच्या लक्षात आलं की हे नाव आपण घरी कधी सांगितलेलं नाही.

"आमच्या गावचाच व्हता त्यो," ठकुबाई म्हणाली. "माज्या दिराचा दोस्त. असाच आला एक दिवस आदी. आमी पोरीबाळी हसलो त्येला, खिसा हिकडं कसा म्हनून. त्यो बी हसला. म्हनला, साहेब येनार हायती, घाबरू नगा, पूल व्हनार."

"पूलच म्हनला?"

"पूलच."

सुपातली नाचणी तिने पुन्हा डब्यात ओतली. एक दाणा सांडला नाही.

"तू काय बोल्लास त्येंच्यापाशी?"

"काय न्हाई. खिंडीचं बोल्लो. साहेबानं इचारलं म्हनून. दोन डोंगर जवळ आल्यात म्हनलं."

"आन् त्यानं काय दिलं?"

"च्या."

ठकुबाईने मान डोलावली. हिशोब जुळल्यासारखी.

ती उठली. देव्हाऱ्यापाशी गेली. पदराने हात पुसून तिने एकेक टाक खाली घ्यायला सुरुवात केली. खंडोबा, भवानी, आणि घासून तोंड गुळगुळीत झालेले दोन, ज्यांची नावं आता देवांनाच ठाऊक. त्यांच्या शेजारी दोन सुपाऱ्या होत्या, त्याही घेतल्या.

"आत्या, आजून कुनी काय म्हनलं न्हाई. मोजणी बी न्हाई झाली!"

"आमच्या बारीला बी कुनी काय म्हनलं न्हवतं. सासरा म्हनायचा, साहेब कुठं आलाय आजून. साहेब आला तर म्हनला, मोजून तर जाऊ दे. मोजून झालं तर म्हनला, पानी कुठं आलंय. टाक काढायला माजा मालक गेला त्यो गेलाच." तिने सुपाऱ्या तळहातावर घेतल्या. "म्हनून ह्या. त्या देवांच्या जागी. देव काय सांगत न्हाईत, निगा म्हनून. आपनच न्यायचं असतं."

सावळाराम उंबऱ्यात बसला. पाटलोण गुडघ्यावर ताणली गेली. खाली बसायची सोय शिवणाऱ्याने तिच्यात ठेवलेली नव्हती.

"कापड कसलं हाय?" आत्याने विचारलं.

"काय?"

"कोटाचं."

"लोकर. निखळ."

"मंग चालंल. काढ."

त्याने कोट काढून दिला. तिने तो टोपलीत अंथरला, त्यात टाक मांडले, बाह्या दोन्ही बाजूंनी वर घेऊन नीट गाठ मारली. खिसा वर आला होता. त्या सुपाऱ्या तिने त्यात ठेवल्या. पाटलोणीला विटाळ असतो की नाही, हे तिने विचारलं नाही. ती सावळारामाने काढली, खुंटीला टांगली आणि तो धोतर नेसला. घोलवाडीत त्या रात्री दिवे लवकर विझले.

सकाळी दीनानाथपंत आले. बरोबर मोजणीची साखळी धरणारे होते, झेंडे होते, चुन्याची बादली होती. साहेबांची पाटलोण घोट्यापर्यंत धुळीने भरली होती.

"सावळाराम, सूट कुठाय?"

"दिला, साहेब."

"दिला? कोणाला?"

"घरातल्या थोरल्यांना. त्येंना प्रवासाला जायाचंय."

दीनानाथपंतांना हे कळलं नाही, पण वेळही नव्हता. "बरं, चल. ती खिंड दाखव."

सावळारामाने हात वर केला नाही. गाव जमलं होतं. चिमाजी होता, फुलाबाई होती. "दिसतीया की, साहेब," तो म्हणाला. आणि ती दिसत होतीच. दोन डोंगर, एवढे जवळ. ती दाखवायला माणूसच लागत नव्हता.

साखळी वाजत खिंडीकडे गेली. दुपारपर्यंत काचेच्या नळीतून बघणं चाललं, हात हलले, हाका झाल्या. मग चुन्याची बादली घेतलेला माणूस गावाच्या मागचा चढ चढायला लागला. सगळ्यांना वाटलं, तो घरांपाशी थांबेल. तो घरांवरून पुढे गेला. देवळाच्या शिखराच्याही वर गेला. उतारावरच्या एका आंब्यापाशी थांबला, ब्रश बुडवला आणि खोडावर पांढरी आडवी रेघ ओढली. खाली उभ्या असलेल्या माणसांच्या माना ती बघायला मागे कलल्या, आणि तशाच राहिल्या.

"पूल एवढा उंच असतो व्हय?" चिमाजीने विचारलं.

ठकुबाई त्याच आंब्याखाली बसली होती, टोपली मांडीवर घेऊन. सकाळपासून. रेघ ओढणाऱ्याने तिला बाजूला सर म्हटलं तेव्हा ती सरली होती, आणि रेघ होईपर्यंत बघत राहिली होती. तो माणूस बादली घेऊन खाली उतरला. मग ती उठली. एका हाताने खोडाचा आधार घेत, दुसऱ्या हाताने टोपली सांभाळत ती रेघेच्या वर चढली, आणि तिथे टोपली मांडीवर घेऊन पुन्हा बसली.