सरकवलेला घोडा

मित्रांनो, मी बुद्धिबळाचा एक जुना पट आहे. १९५६ साली वणीच्या डोमाजी सुताराने मला सागवानाच्या फळीतून घडवले आणि काळी घरे शिसवीची बसवली. बापूजी मास्तरांनी मला हातात घेतले, एकेका घरावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "डोमाजी, याच्यावर आता सारा जिल्हा खेळवतो, पाह्य."

त्यांनी शब्द खरा केला. दरवर्षी कापसाची वेचणी संपली की वणीच्या धर्मशाळेत स्पर्धा भरे. मारेगावचे लोक बैलगाडीने येत, महागावचे दोन मोटारी बदलून. १९५९ साली चव्वेचाळीस खेळाडू आले. पट पुरेनात, तेव्हा लोकांनी खडूने फरशीवरच घरे आखली. अंतिम डाव मात्र माझ्यावरच होई. मला त्याचा फार अभिमान होता.

सगळ्यांत मला धावजी आवडत. मारेगावजवळच्या तांड्यावरचे हे शेतकरी. अक्षरओळख नव्हती, पण दहा चाली पुढचे त्यांना दिसे. मोहरा इतका हलका ठेवत की मला कळतही नसे.

१९६० साली ते अंतिम डावात पोचले. समोर कापसाच्या जिनिंगवाल्या शेटजींचे जावई होते. स्पर्धेची ढाल शेटजींनीच दिली होती. धावजींचा घोडा अशा घरात बसला होता की पुढच्याच चालीला मात होती. जावई घामाघूम झाले. तेवढ्यात स्पर्धेचे चिटणीस नानाजी पेढ्यांचे ताट घेऊन आले आणि म्हणाले, "थांबा जरा. चहापानी होऊ द्या."

धावजी पाणी प्यायला उठले. नानाजी ताट ठेवायला वाकले आणि अंगठ्याने घोडा शेजारच्या घरात सरकवला. अंगठ्याला पेढ्याचे तूप होते. तो चिकट डाग माझ्यावर उमटला. मला किळस आली. तीसेक माणसे भोवती उभी होती. सगळ्यांनी पाहिले. बापूजींनीही पाहिले.

धावजी परतले. "माहा घोडा इथं नव्हता."

"असं कसं? तिथंच होता," नानाजी म्हणाले. "खेळा लवकर. पाहुने खोळंबून राह्यले."

धावजींनी सगळ्यांकडे एकदा पाहिले. कोणी छताकडे बघत होते, कोणी पेढा चघळत होते. बापूजी चष्मा पुसत होते.

"मले हारता येते," धावजी म्हणाले. "हे नाही येत." त्यांनी फेटा सारखा केला आणि ते निघून गेले. ढाल जावयांना मिळाली. टाळ्याही वाजल्या.

पुढच्या वर्षी मारेगावची एकही गाडी आली नाही. मग महागावचे थांबले. नानाजी भाषणात सांगत, "आजकालच्या पोरायले सिनेमा पायजे, रेडिओ पायजे. डोकं चालवाले कोन येते?" आणि ज्यांनी तो अंगठा पाहिला होता, तेच लोक माना डोलावत. १९६४ साली खेळाडू पाच आणि सत्काराचे हार सात! पुढच्या वर्षी नुसताच सत्कार झाला. माझ्यावर पानाचे तबक ठेवले, चुना सांडला, आणि कोणी तो पुसलाही नाही.

१९६६ साली बापूजी मला काखेत घेऊन तांड्यावर गेले. धावजींच्या पत्नी मानीबाईंनी पाणी आणले. बापूजींनी मला धावजींपुढे ठेवले.

"धावजी, मी पायलं होतं. घोडा नानाजीनं सरकवला."

"मालूम हाये मले. तवा मी तुमच्याकडंच पाहून राह्यलो होतो. काहून बोलले नाही?"

"भेलो."

धावजींनी मला उचलून बापूजींच्या मांडीवर ठेवले. "हे वणीले न्या. मले नका सांगू, तिथं चार लोकायपुढं सांगा. मंग मी खेळाले येतो."

बापूजींनी होकारार्थी मान हलवली. वणीला आल्यावर त्यांनी मला कपाटावर ठेवले, आणि चार लोकांपुढे ती गोष्ट कधीच सांगितली नाही.

मी अजून तिथेच आहे. कोणी आले की बापूजी सुस्कारा टाकतात, "खेळाडूच राह्यले नाही आता." ते ऐकून मला शिसारी येते. मित्रांनो, खेळ जपायचा असेल, तर मोहरा सरकवणारा हात दिसताक्षणी तिथेच, सगळ्यांसमोर बोला. सहा वर्षांनी तांड्यावर जाऊन एकट्याच्या कानात सांगू नका.