पाहुण्यांआधी झाडलेला किनारा

सोमवारी सकाळी नऊ वाजता बारा युरोपियन स्वयंसेवक हातमोजे घालून आमच्या किनाऱ्यावर उतरले आणि कचरा शोधू लागले. दहा वाजेपर्यंत त्यांना बाटलीचं एक झाकण सापडलं. त्याचे फोटो बाराही जणांनी काढले.

मी त्यांचा गावातला समन्वयक. शनिवारपर्यंत कचऱ्याची चाळीस पोती भरली, तर त्यांची संस्था आमच्या दवाखान्यावर छप्पर घालणार होती. गेल्या पावसाळ्यात नर्सबाईंनी छत्रीखाली इंजेक्शनं दिली होती.

मी तडक आउरिस्तेला मावशीकडे गेलो. ती महिला समितीची अध्यक्ष. हिरव्या केळ्यांचे गोळे तळत होती.

"मावशी, किनाऱ्यावरचा कचरा कुठे गेला?"

"काल आम्ही अठ्ठावीस जणींनी काढला. चर्चमागे पोती लावलीत."

"अगं, ते कचरा उचलायलाच आलेत!"

"म्हणून पाहुण्यांना घाणीत उभं करायचं? लाज आहे का तुला, उल्बियो?"

"निदान चार पोती तरी परत ओत."

तिने झारा माझ्यावर रोखला. "हेच तुझ्या आईसमोर बोलून दाखव."

शेजारच्या ला बोकिता गावाचा किनारा म्हणजे निव्वळ उकिरडा. तिथे जायचं ठरवलं. दुसऱ्याच्या गावी न सांगता कसं जायचं, म्हणून मी त्याच संध्याकाळी निरोप धाडला. मंगळवारी पोचलो, तर वाळूवर झाडूच्या रेघा आणि नारळाच्या सावलीत बारा खुर्च्या. प्रत्येक खुर्चीपुढे शहाळं. बुधवारी तिसऱ्या गावी गेलो. तिथेही रीतीप्रमाणे आधी कळवलं होतं. त्यांनी तर कुत्र्यांनाही आंघोळ घातली होती.

गुरुवारी तुकडीची प्रमुख आनेके मला म्हणाली, "उल्बियो, खरं सांग. या किनाऱ्यावर कचरा असतो तरी का?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी तिला चर्चमागे नेलं. सेहेचाळीस पोती होती.

"ही कोणी भरली?"

मी सगळं सांगितलं. ती इतकी हसली की एका पोत्यावर बसलीच.

"छप्पर मिळेल," ती डोळे पुसत म्हणाली. "पोती कोणी भरायची, हे कुठे लिहिलेलं नाही. फक्त माझी एक अट आहे. यापुढे आमची माणसं न कळवता येतील."

मी धावत मावशीकडे गेलो. छप्पर मिळालं हे ऐकून तिने छातीवर क्रूस काढला. मग तिचा चेहरा बदलला.

"न कळवता म्हणजे कधी?"

"कधीही."

"उद्या?"

"उद्यासुद्धा."

मावशीने चूल विझवली, झग्याला हात पुसले आणि कुंपणावरून शेजारणीला हाक मारली, "मोन्सेराते, झाडू घे गं! या मेल्याने आपल्याला आता जन्मभर रोज किनारा झाडायला लावलाय!"