सत्तर लाख वर्षांचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. अंबाडीचा, हाताने वळलेला, आता चार ठिकाणी गाठी मारलेला. अंगावर रंगीबेरंगी चिंध्या बांधलेल्या आहेत. मला पाहून तुम्हाला वाटेल, हा एखाद्या बैलाच्या गळ्यातून सुटून आला असावा. पण माझा फोटो वर्तमानपत्रात छापून आला आहे. हे आधीच सांगून टाकतो, नंतर सांगितलं तर बढाई वाटेल.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा होऊन नवा जिल्हा झाला, त्या वर्षी माझा जन्म झाला. लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीच्या यादोरावांनी अंबाडी तळ्यात भिजत घातली, तिचा वाख काढला, धुतला, वाळवला आणि अंगणात बसून मला वळलं. पीळ असा घट्ट घातला की तो अजून माझ्या अंगात आहे, आणि बोलण्यातही उतरतो, त्याला माझा इलाज नाही. मी वाढतच चाललो, तेव्हा त्यांच्या पत्नी मालनबाई म्हणाल्या, "एवढा लांब कायले पायजे? बंडी बांधाची हाये का गाव बांधाचं हाये?"

"जिल्हा तुटला ना वं," यादोराव हसून म्हणाले. "आपला दोर तरी लांब राहू दे."

माझं काम बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, धानाचे भारे आवळण्याचं. बंडी कितीही हिंदकळली तरी मी एक भारा घसरू देत नसे. पुढे बंडीच्या जागी ट्रॅक्टर आला आणि मी गोठ्यातल्या खुंटीवर गेलो. आता आपलं आयुष्य इथेच संपणार असं मला वाटलं होतं. पण घरात रुचिता होती.

रुचिता ही यादोरावांची मुलगी. सकाळची बुद्धवंदना झाली की पुस्तक घेऊन बसायची आणि जेवायला हाका माराव्या लागायच्या. ती नागपूरला जाऊन मानववंशशास्त्र शिकली. माणूस हा माणूस कसा झाला, तो दोन पायांवर कधी चालू लागला, त्याने दगडाला धार कधी लावली, याचा तो अभ्यास. डॉक्टरेट मिळाली त्या वर्षी तिने ठरवलं, हे सगळं आधी आपल्या गावाला सांगायचं, आणि तेही मंडईत.

मंडई तुम्हाला ठाऊक असेलच. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी ही जत्रा भरते. दुकानं, पाळणे, लेकीबाळी माहेरी आलेल्या, पाहुण्यांनी घरं भरलेली. त्या गर्दीत रुचिता माइक धरून उभी राहिली आणि पंचवीस लाख, दहा लाख, तीन लाख वर्षं असं बोलत सुटली. लोकांनी थोडा वेळ ऐकलं, मग ते चिवड्याच्या दुकानाकडे वळले. घरी आल्यावर ती रडवेली झाली.

"तू बोलली चांगली, पोरी," मालनबाई म्हणाल्या. "पण लाख म्हंजे किती, हेच मले समजलं नाही. आमाले तं आज्याच्या पलीकडचं सारंच सारखं जुनं."

रुचिताने डोळे पुसले. मग तिची नजर गोठ्याकडे गेली. तिने मला खुंटीवरून काढलं, अंगणात पसरलं आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात टाकत मोजत गेली. मी सत्तर हात भरलो. "बाबा, हा दोर मले द्या. एक हात म्हंजे एक लाख वर्षं!"

आईच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या तिने माझ्या अंगावर बांधल्या. आपले पूर्वज दोन पायांवर उभे राहू लागले, तिथे हिरवी, अगदी सुरुवातीच्या बाजूला. दगडाची हत्यारं आली तिथे निळी. विस्तव हाताळला तिथे लाल. तुमच्या-आमच्यासारखी माणसं जन्मली तिथे पिवळी, आणि ती माझ्या शेवटापासून अवघ्या तीन हातांवर.

"आन आपला धान?" मालनबाईंनी विचारलं.

रुचिताने आईचा हात धरला आणि माझ्या टोकाशी तिची दोन बोटं टेकवली. "साऱ्या दुनियेची शेती एवढ्यात आली, आई."

"अवो माय! मंग बाकीचा सारा दोर?"

"तो बिना धानाचाच जगला."

मालनबाईंनी ती दोन बोटं बराच वेळ उचलली नाहीत. मित्रांनो, भारे बांधताना मला कधी अभिमान वाटला नव्हता. तो त्या दिवशी वाटला.

पुढच्या मंडईत रुचिताने मला मैदानभर ताणलं आणि लोकांना धरायला लावलं. यावेळी कुणी चिवड्याकडे गेलं नाही. मग साकोलीचं कॉलेज झालं, कारध्याला वैनगंगेच्या काठी शिबिर झालं, शाळा तर किती झाल्या विचारू नका. तिचा आवाज असा खणखणीत की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जाई. लोक पोट धरून हसत आणि हसता हसता शिकत. तिने मराठीत पुस्तक लिहिलं, टीव्हीवर दिसली, पुण्या-दिल्लीची बोलावणी आली. एकदा विमानतळावर मला बॅगेतून बाहेर काढलं. "दोर कशाला?" शिपायाने विचारलं. रुचिताने त्याला तिथेच दहा लाख वर्षं समजावली. मागची रांग चांगलीच तापली होती.

मग मोठ्या सभागृहांचे दिवस आले. पडद्यावर कवट्या गोल फिरू लागल्या, गुहेतली चित्रं चमकू लागली. माझी गरज उरली नाही. मी परत खुंटीवर गेलो. उंदरांनी माझी सुरुवातीची काही लाख वर्षं कुरतडून खाल्ली. एका वासराला माझ्याच टोकाने बांधलं, त्याने शेती चघळून टाकली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण रुचिताचं नाव कानावर आलं की ते विसरायला व्हायचं.

आणि एके दिवशी तिचा आवाज गेला. घशात गाठ निघाली, नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण गळ्यातून नुसती हवा येई. बोलावणी थांबली. ती दिघोरीला येऊन राहिली आणि कुणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायची. जी बाई बोलण्यावर जगली, तिने बोलण्याशिवाय करायचं काय? तिने एकदा कसंबसं कुजबुजून बापाला सांगितलं, "माझं काम संपलं, बाबा."

यादोराव उठले. गोठ्यात येऊन त्यांनी मला खाली काढलं. म्हाताऱ्या हातांनी तुटकं जोडलं, गाठी मारल्या, नवी अंबाडी वळून कुरतडलेला भाग भरून काढला. मग ते पानठेलेवाल्या टिकारामकडे गेले. गावात त्याच्याइतकं बोलणारं दुसरं कुणी नाही.

दिवाळीनंतरच्या मंडईत भर दुपारी मला पुन्हा मैदानात ताणलं. रुचिता येतच नव्हती. मालनबाईंनी तिला हाताला धरून आणलं आणि माझं शेवटचं टोक तिच्या मुठीत दिलं. बाकी दोर गावाने धरला. ज्याच्या हाती जी चिंधी, त्याने तिथली गोष्ट सांगायची. सगळ्यांनी ती तिच्याच तोंडून वर्षानुवर्षं ऐकलेली होती.

टिकारामने हिरवी चिंधी उंच धरली. "तं मंडळी, आपन सारे माकडापासून झालो!"

मला टोकाकडून असा हिसका बसला की टिकाराम पुढे झुकला. सगळ्यांनी मान वळवून पाहिलं. रुचिता होती. डोळे वटारून, दोन्ही हातांनी मला धरून.

"चुकलो, चुकलो!" टिकाराम ओरडला. "माकडं आपले चुलते नाहीत, बाप तं नाहीच. लय दूरचे भाऊ हायेत. दोघाइचा पूर्वज एक होता. आता बरोबर हाये का, मॅडम?"

हिसका आला नाही. मैदान हसून हसून बेजार झालं, आणि रुचिताही हसली. तिच्या हसण्याला आवाज नव्हता, पण ते हसणं तिच्या मुठीतून माझ्या पिळापिळात आलं. मग काय विचारता! कुणी विस्तव डास हाकलायला पेटवला म्हणालं, हिसका. कुणी गुहेतल्या माणसाच्या हातात विळा दिला, हिसका. लोक चुकत होते, दुरुस्त करत होते आणि पुढे जात होते.

पिवळी चिंधी आली तेव्हा गर्दीतून चंद्रभागाबाई पुढे झाल्या. गावातल्या मोठ्या शेतकरी घरातली ही वयस्क बाई. इतक्या वर्षांत आमच्या बौद्ध वस्तीतला हा दोर त्यांनी कधी धरला नव्हता, लांब उभ्या राहूनच ऐकायच्या. त्यांनी मला दोन्ही हातांत घेतलं.

"हे तीन हात आपल्या साऱ्याइचे," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "माह्ये, यादोरावचे, दिल्लीवाल्याचे, साऱ्याइचे. एकाच गोताची मानसं आपन. इतके दिवस मी वेगळी समजून राहिली होती." मग त्यांनी टोकाकडे पाहिलं. "चुकली असन तं ओढ, पोरी."

सगळ्या माना टोकाकडे वळल्या. मी वाट पाहिली. रुचिताच्या मुठीतली धडधड मला लागत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण तिने ओढलं नाही.

मित्रांनो, आता आम्ही पुन्हा गावोगावी जातो. बोलतात तिथले लोक आणि टोक धरते रुचिता. मला ओलीत ठेवू नका, वासराला तर मुळीच बांधू नका, एवढं सांभाळा. आणि कधी मला धरून बोलायची पाळी आली तर भिऊ नका. चुकलात तर हिसका बसेल. तेव्हा रागावू नका. पलीकडच्या टोकाला कुणीतरी अजून तुमचं ऐकत आहे, म्हणून तो बसतो.