अनुसयाबाईंचा आवाज मी चोरला

मी गुणाकररावांच्या कपाटावरचा टेपरेकॉर्डर बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचंच बोललो, त्यामुळे स्वतःचं सांगताना अडखळतो. त्यातून जे सांगायचं ते लाजेचं.

एक्क्याऐंशी साली नागपूरच्या दुकानातून मी बालाघाटला आलो. गुणाकरराव इथल्या एका कचेरीत मोठे बाबू, आणि डोक्यात सिनेमाचं खूळ. लहानपणी भरवेलीला खाणीच्या क्लबात त्यांनी जुने विलायती विनोदी सिनेमे पाहिले होते. दर सिनेमात तीच सात-आठ माणसं, फक्त कपडे बदललेले. कधी पोलीस, कधी मास्तर, कधी डॉक्टर. "एवढंच ना? मग आपल्यालाही जमेल," म्हणाले आणि जुना कॅमेरा घेऊन आले.

मग 'कचेरीत घोळ' निघाला, 'ठाण्यात घोळ' निघाला, 'शाळेत घोळ' निघाला. सहा वर्षांत आठ घोळ झाले. कॅमेरा मुका होता. चित्र तो काढायचा, आवाज मी द्यायचो. पडद्याशेजारी मला मांडायचे आणि चित्राच्या बरोबरीनं कॅसेट सोडायचे. ओठ आणि शब्द कधी जुळले नाहीत, पण लोकांना त्याचंही हसू यायचं. मी फार फुशारलो होतो.

नववा 'दवाखान्यात घोळ'. सिनेमात काम करायला बायका मिळत नसत, म्हणून किराणा दुकानाचे तेजराम लुगडं नेसून रोग्याची बायको झाले. त्यांच्या घोगऱ्या आवाजाच्या जागी बाईचा आवाज हवा होता. गुणाकररावांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंनी वाचून पाहिलं, पण त्या पुस्तकातल्यासारखं बोलायच्या. कुणाला हसू येईना.

स्वयंपाकाला लामता गावच्या अनुसयाबाई होत्या. तोंड म्हणून मिटायचं नाही. फोडणीशी बोलायच्या, मांजराशी बोलायच्या. तिकडच्या बायकांसारखं 'मी जातो, मी येतो' म्हणायच्या. घरची मंडळी काही पुण्याहून आली नव्हती, तरी ते ऐकलं की त्यांना हसू फुटायचं.

एका दुपारी गुणाकररावांनी मला तांदळाच्या डब्यामागे ठेवलं, लाल बटण दाबलं आणि निघून गेले. अनुसयाबाई प्रमोदिनीबाईंना आपल्या नवऱ्याच्या शेवटच्या दिवसाचं सांगत होत्या. दवाखान्यात काय म्हणाल्या, ते जसंच्या तसं.

"डॉक्टरसाहेब, माह्या माणसाले एक डाव पाहा ना जी. मी तुमच्या पाया पडतो."

मी शब्द न् शब्द टिपला. आवाज कापत होता, तोही टिपला. थांबणं माझ्या हाती नव्हतं, हे खरं. पण टिपताना 'काय झकास येतंय' असंच मला वाटत होतं, हेही खरं.

गुणाकररावांनी ती कॅसेट वीसदा तरी ऐकली असेल. त्यांना त्यात फक्त 'पडतो' ऐकू आला. आवाज बाईचा, क्रियापद पुरुषाचं आणि वर लुगड्यातले तेजराम, याहून मोठा विनोद त्यांना सुचला नसता.

भरवेलीच्या गणपतीत खेळ झाला. अनुसयाबाई पुढेच बसल्या होत्या. तेजराम खाटेवरून आपटले तेव्हा त्याही तोंडाला पदर लावून हसल्या. मग तेजराम हात जोडून डॉक्टरांमागे धावू लागले आणि मी बोललो, "मी तुमच्या पाया पडतो." मांडव हसून लोटपोट झाला. शिट्ट्या वाजल्या. अनुसयाबाईंचा पदर तोंडावरच राहिला. मी मात्र पुढे बोलतच होतो.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या, चहा ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, मले त्या पेटीतून काढा."

"काहून जी?" गुणाकरराव थट्टेनं त्यांच्याच बोलीत म्हणाले. "लोकांना केवढं आवडलं."

"आवडलं असंल. माहा माणूस त्याच दिवशी गेलता, साहेब."

गुणाकररावांची थट्टा तिथंच थांबली. वीसदा ऐकूनही त्यांनी ते ऐकलंच नव्हतं.

माझ्यातला जुना आवाज पुसायचा तर त्यावर नवं भरावं लागतं. त्यांनी मला टेबलावर ठेवलं, बटण दाबलं आणि तिथंच हात जोडले. "चुकलं माझं, अनुसयाबाई. मला माफ करा."

बटण दाबलेलं आहे, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. अनुसयाबाईंच्या राहिलं. त्या ओठ मिटून माझ्याकडे पाहत राहिल्या. कॅसेट संपली, बटण खटकन वर आलं, तरी त्या बोलल्या नाहीत. त्यांच्या रडण्याच्या जागी आता माझ्या पोटात साहेबांची माफी आहे आणि तिला उत्तर नाही.

दहावा घोळ निघाला नाही. कॅमेरा गेला, माझे सेल काढून घेतले. अनुसयाबाई अजून याच घरी आहेत. अंगणात दूधवाल्या खेमराजशी बोलताना ऐकू येतात. या खोलीत झाडू घेऊन शिरल्या की गप्प होतात. गेल्या महिन्यात प्रमोदिनीबाईंनी कारण विचारलं, तर त्यांनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

"अहो, त्यात आता सेलसुद्धा नाहीत."

"हौ," एवढंच म्हणून त्या झाडत राहिल्या.

माझी एक विनंती आहे. मला दुरुस्त करू नका, कुणाला देऊही नका. मला या कपाटावरून उचला आणि कुठंही नेऊन टाका. या खोलीत त्या बाईंना बोलू द्या.